मुलांच्या किडलेल्या दातात काय भरायचं? पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डॉक्टर, सगळ्यात चांगलं मटेरियल घाला, पैशाचं बघू नका." बालदंतरोगतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मी फार वेळा ऐकते. त्यामागची माया कळते, पण त्या वाक्यावरून काय भरायचं ते ठरवता येत नाही. त्यासाठी आधी दुसऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात. तो दात तोंडात अजून किती वर्षं राहणार आहे? कीड दाताच्या एकाच बाजूला आहे की दोन-तीन बाजूंना पोचली आहे? मूल तोंड उघडं ठेवून किती वेळ स्वस्थ बसू शकतं? आणि तेवढ्या वेळात तो दात लाळेपासून कोरडा राहील का? याची उत्तरं मिळाली की मटेरियल बहुतेक वेळा आपोआप ठरतं. खालची सगळी उत्तरं याच प्रश्नांभोवती फिरतात.

दुधाचे दात पडणारच आहेत. मग भरायचे कशाला?

पुढचे पटाशीचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडतात, ते सगळ्यांना दिसतं. म्हणून दुधाचे दात म्हणजे पहिली-दुसरीपर्यंतचा मामला असा समज होऊन बसतो. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, त्यातही मागची दुसरी दाढ सगळ्यात उशिरा, म्हणजे दहा ते बाराच्या दरम्यान पडते. चार वर्षांच्या मुलीची ही दाढ किडली असेल तर तिला अजून सहा-आठ वर्षं त्याच दाढेनं भाकरी चावायची आहे.

शिवाय दुधाच्या दातात कीड वेगानं आत जाते. त्याचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण १ मिलिमीटर जाडीचं असतं, कायमच्या दाताच्या जवळपास निम्मं. आतली नस मात्र दाताच्या मानानं मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे छोटा काळा ठिपका ते रात्रीचं ठणकणं हा प्रवास काही महिन्यांत होऊ शकतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा दात वाकडा येतो.

पण प्रत्येक किडलेला दुधाचा दात भरावाच लागतो असं मी म्हणणार नाही. साडेसहा वर्षांच्या मुलाच्या हलणाऱ्या पुढच्या दातावर तपकिरी डाग असेल आणि काही दुखत नसेल, तर तो तसाच पडू द्यावा.

डॉक्टर कोणकोणते पर्याय सांगतात?

आपल्याकडे साधारण पाच नावं कानावर पडतात. ग्लास आयनोमर, ज्याला बोलताना नुसतं 'सिमेंट' म्हणतात. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं, निळ्या लाइटनं कडक होणारं. अमाल्गम, म्हणजे जुनी 'चांदी'. स्टीलची किंवा पांढरी झिरकोनियाची कॅप. आणि एसडीएफ, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे काही भरायचं मटेरियल नव्हे, कीड थांबवण्यासाठी लावायचं औषध आहे. ग्लास आयनोमर आणि कंपोझिट यांच्या मधल्या जातीची दोन-तीन मटेरियल्सही असतात. त्यातलं लाइटनं कडक होणारं ग्लास आयनोमर, म्हणजे रेझिन (कंपोझिटमधलं प्लॅस्टिक) मिसळलेलं, मुलांसाठी बरंच वापरलं जातं.

स्टीलच्या कॅपला बरेच पालक 'चांदीची कॅप' म्हणतात आणि मग पाऱ्याची काळजी करतात. त्या कॅपमध्ये चांदीही नसते आणि पाराही नसतो.

ग्लास आयनोमर स्वस्त आहे, म्हणजे हलकं आहे का?

स्वस्त आहे, पण हलकं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत हे सिमेंट तयार झालं. खास काचेची बारीक भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल एकत्र घोटलं की काही मिनिटांत ते घट्ट होतं. दाताला ते स्वतःहून, रासायनिक बंधानं चिकटतं, त्यासाठी वेगळा गोंद लागत नाही. थोडा ओलावा सहन करतं. त्यातून हळूहळू फ्लोराइड बाहेर येत राहतं आणि पेस्टमधलं फ्लोराइड ते पुन्हा शोषूनही घेतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट आणि एसडीएफबरोबर ग्लास आयनोमरही घेतलं.

डॉक्टर हे सिमेंट पॅडवर घोटतात तेव्हा एकदा नीट बघा. भुकटी आणि द्रव मिसळल्यावर गोळा आधी ओलसर चमकतो. ती चमक आहे तोवरच ते दातात जायला हवं. चमक जाऊन गोळा मंद दिसू लागला की त्याची चिकटण्याची ताकद संपत आलेली असते. असा गोळा फेकून दुसरा घोटणारे डॉक्टर मटेरियल वाया घालवत नसतात, तुमच्या मुलाचं काम नीट करत असतात. भरून झाल्यावर वर व्हॅसलीन किंवा वार्निश लावतात, कारण पहिल्या काही तासांत हे सिमेंट लाळेनं आणि कोरडं पडल्यानंही बिघडतं.

त्याचा दोष एकच, पण मोठा आहे: चावण्याच्या जोरापुढे ते कमी पडतं. झिजतं, कडेनं तुटतं. दाढेच्या वरच्या बाजूच्या छोट्या खड्ड्यात उत्तम टिकतं. दोन-तीन बाजू गेलेल्या दाढेत त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये.

ड्रिल न लावता नुसतं कोरून सिमेंट भरलं. हे अर्धवट काम झालं का?

नाही. हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून घट्ट जातीचं ग्लास आयनोमर बोटानं दाबून भरायची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. तिला एआरटी म्हणतात. १९८०च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नव्हती, तिथे ती उभी राहिली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं उचलून धरली. शाळांच्या आणि पाड्यांवरच्या शिबिरांत ती फार कामाची आहे. ड्रिलच्या आवाजानंच रडणाऱ्या मुलासाठी तर मी ती शहरातल्या सुसज्ज क्लिनिकमध्येही वापरते.

कंपोझिट जास्त चांगलं दिसतं. तेच का भरत नाही?

कंपोझिट मजबूत आहे, रंग हुबेहूब जुळतो, आणि दात पूर्ण कोरडा ठेवता आला तर छान टिकतं. सगळी अडचण त्या शेवटच्या अटीत आहे.

काम कसं चालतं ते पाहा. आधी कीड काढायची. मग निळसर जेल, म्हणजे साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल, काही सेकंद लावून धुवायचं. दात वाळवायचा. बाँडिंगचा द्रव लावून लाइट द्यायचा. मग कंपोझिट साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला पुन्हा लाइट. यात कुठेही लाळेचा एक थेंब आत गेला, जीभ लागली, मूल खोकलं, की तो टप्पा पुन्हा करावा लागतो. केला नाही तर फिलिंग त्या दिवशी सुंदर दिसतं, पण कडेला बारीक फट राहते आणि वर्षभरात आतून पुन्हा कीड सुरू होते. हे टाळण्यासाठी दाताभोवती रबर डॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा, बसवतात. सात-आठ वर्षांची बरीच मुलं तो नीट सहन करतात. तीन वर्षांचं बाळ क्वचितच.

म्हणून माझं मत असं: मूल शांत बसणारं असेल, खड्डा लहान किंवा मध्यम असेल आणि डॉक्टर रबर डॅम लावून काम करणार असतील तर कंपोझिट जरूर भरा. पुढच्या दातांसाठी तर तेच योग्य. पण रडणाऱ्या मुलाच्या ओल्या तोंडात भरलेल्या महागड्या कंपोझिटपेक्षा नीट भरलेलं साधं सिमेंट कधीही बरं.

कंपोझिटमधल्या प्लॅस्टिकमुळे काही अपाय होतो का? बीपीएबद्दल वाचलं.

काही रेझिनांतून भरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए हे प्लॅस्टिकमधलं रसायन, अत्यंत अल्प प्रमाणात लाळेत येऊ शकतं. डॉक्टरांनी वरचा चिकट थर पुसून घेतला आणि मुलानं चूळ भरून थुंकली की ते आणखी घटतं. एवढ्यासाठी दात किडका ठेवणं शहाणपणाचं नाही. तरी मन मानत नसेल तर साध्या ग्लास आयनोमरमध्ये रेझिन नसतं, तो पर्याय आहे.

आमच्या पिढीत चांदी भरायचे आणि ती पंचवीस वर्षं टिकायची. मुलांना ती का नको?

टिकायची हे खरं. अमाल्गममध्ये जवळपास निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं. मुलांमध्ये त्याचे दुष्परिणाम होतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये आणि पोर्तुगालमधल्या लिस्बनमध्ये दोन मोठे अभ्यास झाले. २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले आणि अमाल्गम भरलेल्या मुलांच्या बुद्धीत किंवा वागण्यात फरक आढळला नाही. तेव्हा तुमच्या स्वतःच्या दाढेत जुनी चांदी शाबूत असेल तर घाबरून ती काढायला जाऊ नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त येते.

तरी मुलांसाठी तिचा काळ संपत आला आहे. पारा पाण्यात आणि मातीत जाऊ नये म्हणून झालेल्या मिनामाता कराराचा भारत २०१८ पासून सदस्य आहे. २०२२ मध्ये त्या करारात अशी भर पडली की दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालच्या मुलांत आणि गरोदर व स्तनदा मातांत दंतवैद्याला अगदी गरजेचं वाटल्याशिवाय अमाल्गम वापरू नये. युरोपीय संघानं तर असा निर्बंध २०१८ मध्येच घातला होता. अमाल्गम दाताला चिकटत नाही, त्यामुळे ते अडकून बसावं म्हणून चांगला दातही थोडा कोरावा लागतो. दुधाच्या छोट्या दातात तो भाग वाया घालवणं मला पटत नाही.

दोन दाढांच्या मध्ये कीड आहे. फिलिंग पुनःपुन्हा निघतं. काय चुकतंय?

बहुधा डॉक्टरांचं काही चुकत नाही, जागाच अवघड आहे. दुधाच्या दोन दाढा एकमेकींना रुंद पट्टीनं चिकटलेल्या असतात. अन्न तिथे अडकतं आणि ब्रश पोचत नाही. तिथून कीड काढली की दाढेची एक भिंतच जाते आणि भरलेल्या मटेरियलला चावण्याचा सगळा भार उघड्या कडेवर झेलावा लागतो. ग्लास आयनोमर तिथे तुटतं. कंपोझिट हिरडीजवळच्या कडेला सुटतं, कारण तिथे कोरडेपणा राखणं सगळ्यात कठीण.

इथे पुन्हा वयाचा हिशेब करा. नऊ वर्षांच्या मुलाची दुधाची पहिली दाढ असेल, जी वर्ष-दीड वर्षात पडणार, तर रेझिनवालं ग्लास आयनोमर भरून वेळ निभावता येते. चार-पाच वर्षांच्या मुलाची दाढ असेल आणि दोन किंवा अधिक बाजू गेल्या असतील, तर मी सरळ स्टीलची कॅप सुचवते. तेच फिलिंग तीनदा भरण्याचा खर्च, तीनदा पाडलेली शाळा आणि दर वेळी वाढणारी मुलाची भीती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

एवढ्याशा मुलाला स्टीलची कॅप? ती दिसेल की!

दिसेल. मोठ्यानं हसल्यावर खालची दाढ चमकते. याला पालकांइतकाच विरोध आजी-आजोबांचा असतो, विशेषतः मुलगी असेल तर. त्यांची काळजी खोटी नाही. म्हणूनच कॅपच्या बाजूनं थोडं सविस्तर लिहिते.

या कॅप मुलांच्या दंतोपचारांत १९५० पासून वापरात आहेत. त्या तयार मापांत येतात आणि एका बैठकीत बसतात. दाढेला चारी बाजूंनी झाकतात, त्यामुळे त्या दाढेला नव्यानं कीड लागायला जागाच उरत नाही. दाढ पडायची वेळ आली की कॅपसकट पडते, वेगळी काढावी लागत नाही.

आता तर ती बसवायला सुईही लागेलच असं नाही. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी एक पद्धत वापरली. कीड कोरायची नाही, दाढ घासायची नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. कॅपमध्ये ग्लास आयनोमर भरायचं, ती दाढेवर ठेवायची आणि मुलाला कापसाच्या गुंडाळीवर जोरात चावायला सांगायचं. दाढा घट्ट चिकटलेल्या असतील तर आधी दोन-चार दिवस मध्ये छोटी रबरी रिंग ठेवतात म्हणजे जागा होते. स्कॉटलंडमधल्याच डंडी इथल्या संशोधकांनी याची चाचणी घेतली. पाच वर्षांनंतर दुखणं, पू किंवा दाढ वाचवता न येणं अशी गंभीर अडचण हॉल पद्धतीच्या दाढांत सुमारे ३ टक्के होती, तर नेहमीच्या फिलिंगमध्ये सुमारे १७ टक्के.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कॅप दाबल्यावर हिरडी क्षणभर पांढरी पडते, मूल "घट्ट वाटतंय" म्हणतं. दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, फक्त कॅपच लागते. घरी गेल्यावर पालकांचा फोन येतोच: "डॉक्टर, उंच बसलीये." चावा दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून जुळून येतो. तोवर पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या.

कॅप कुणाला नको? निकेलची ॲलर्जी असलेल्या मुलाला, कारण या स्टीलमध्ये निकेल असतं. आणि हॉल पद्धत अशा दाढेला चालत नाही जी रात्री आपोआप ठणकते किंवा जिच्या हिरडीवर पुळी आली आहे.

मग पांढरी झिरकोनियाची कॅप घेऊ का?

पुढच्या दातांना घ्यावी, परवडत असेल तर. दिसायला उत्तम असते. पण ती कडेनं दाबून बसवता येत नाही, त्यामुळे तिच्या मापाचा होईल इतका दात जास्त घासावा लागतो, भूल द्यावी लागते, आणि बसवताना हिरडीतून रक्त आलं तर सिमेंट नीट धरत नाही. स्टीलपेक्षा बरीच महाग पडते. मागच्या दाढेसाठी एवढा खटाटोप मला क्वचितच योग्य वाटतो.

आत कीड ठेवून वरून बंद केली, हे कसं चालेल?

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पूर्वी आम्हालाही कीड मुळापासून साफ करायलाच शिकवायचे. कीड म्हणजे आळी नसते, ते जिवाणूंचं काम असतं. त्यांना तोंडातल्या साखरेचा पुरवठा लागतो. वरून चारी बाजूंनी घट्ट बंद केलं की तो पुरवठा तुटतो आणि कीड थांबते. खोल कीड शेवटपर्यंत कोरायला गेलं तर नस उघडी पडायची भीती असते. म्हणून आज कडेच्या भिंती स्वच्छ करून नसेजवळचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवला जातो. त्यासाठी नस निरोगी हवी आणि वरचं झाकण गळणारं नको.

एसडीएफ लावल्यावर दात काळा पडला. औषध बिघडलं का?

उलट, औषधानं काम केलं. किडलेला भाग कोळशासारखा काळा आणि कडक होतो, निरोगी भाग तसाच राहतो. हे आधी सांगून, पालकांची संमती घेऊनच लावायला हवं. जपानमध्ये हे औषध कित्येक दशकं वापरात आहे. नेहमीची मात्रा ३८ टक्के. एक थेंब चार-पाच दातांना पुरतो. दात वाळवून ब्रशनं लावायचं आणि मिनिटभर थांबायचं, एवढंच काम. ओठाला किंवा गालाला लागलं तर तपकिरी डाग पडतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो.

दोन वर्षांचं बाळ असेल, पुढचे चार दात झिजत चालले असतील आणि रात्रीची दुधाची बाटली अजून सुटली नसेल, तर मी आधी एसडीएफ लावून बाटली सोडवायला वेळ घेते. स्वमग्न मुलांसाठी, हृदयविकार किंवा इतर आजारांमुळे लांब उपचार शक्य नसलेल्या मुलांसाठीही हा मोठा आधार आहे. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. मूल मोठं झालं, बसू लागलं की वरून सिमेंट किंवा कंपोझिट भरून काळेपणा बराच झाकता येतो. नस उघडी पडलेल्या किंवा दुखणाऱ्या दाताला ते लावायचं नाही.

फिलिंगनं भागेल की नसेचा उपचार लागेल, हे घरी कसं ओळखायचं?

पक्कं निदान एक्स-रेनंच होतं, पण दुखण्याच्या तऱ्हेवरून अंदाज येतो. गोड किंवा गार लागल्यावर दुखतं आणि लगेच थांबतं, किंवा अन्न अडकल्यावरच दुखतं, तर फिलिंगनं भागायची शक्यता आहे. मूल झोपेतून रडत उठतं, काही न खाताही ठणकतं, एका बाजूनं चावायचं टाळतं, हिरडीवर पुळी दिसते, तर नुसतं फिलिंग पुरणार नाही. तिथे आधी नसेचा वरचा भाग किंवा पूर्ण नस काढून औषध भरतात आणि वरून कॅप. नसेचा उपचार करून वर नुसतं सिमेंट ठेवलेली दुधाची दाढ लवकर फुटते. म्हणून "कॅप नंतर बघू" असं करू नका.

लवंग तेलाबद्दलही इथेच सांगते. लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट दुखणं शमवतं, पण त्यातला युजेनॉल कंपोझिटला नीट कडक होऊ देत नाही. आधीच्या डॉक्टरांनी असं काही भरलं असेल किंवा तुम्ही घरी लवंग तेल लावलं असेल तर नव्या डॉक्टरांना जरूर सांगा.

छोट्या मुलाचा एक्स-रे काढणं गरजेचं आहे का?

दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना उशिरा दिसते, एक्स-रेवर आधी. दातांच्या छोट्या डिजिटल एक्स-रेचं किरणोत्सर्गाचं प्रमाण फार कमी असतं. दर भेटीला काढायची मात्र गरज नाही.

सहाव्या वर्षी मागे एक दाढ आली आहे आणि लगेच किडली. दुधाचीच आहे ना?

नाही. बहुतेक पालकांची फसगत इथेच होते. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती आयुष्यभराची आहे, तेव्हा तिच्यासाठी हिशेब वेगळा.

अर्धी बाहेर आलेली असताना मागच्या भागावर हिरडीची झालर असते आणि तिथे सतत लाळ साचते. तेव्हा कंपोझिट भरण्याचा अट्टहास करू नये. ग्लास आयनोमरनं खाचा किंवा खड्डा बंद करून ठेवावा आणि दाढ पूर्ण वर आली की कोरड्या जागी पक्कं कंपोझिट भरावं. कीड नसेल तर खोल खाचांत सीलंट, म्हणजे खाच बंद करणारा पातळ थर, भरून घ्या. काही मुलांत ही दाढ पिवळट-तपकिरी, खडूसारखी ठिसूळच उगवते आणि ब्रश लावला तरी झिणझिण्या येतात. अशा दाढेला साधं फिलिंग धरत नाही. तिथे बालदंतरोगतज्ज्ञांनाच दाखवा.

आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मग फ्लोराइडवालं मटेरियल चालेल का?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांतून हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात ते दात हिरडीत घडत असताना रोजच्या पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. फिलिंगमधून सुटणारं फ्लोराइड त्या मानानं नगण्य असतं. तेव्हा ग्लास आयनोमर चालतं. मात्र असे डाग पडलेल्या, म्हणजे फ्लोरोसिस झालेल्या, एनॅमलला कंपोझिट नेहमीसारखं धरत नाही. गावच्या पाण्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, पेस्ट कोणती आणि किती हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

इतर ठिकाणी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. आकडा ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेला असतो.

बारा दात किडलेत. भूल देऊन एकदम करा म्हणतात. तेव्हा काय भरावं?

जे परत करावं लागणार नाही ते. पूर्ण भूल देऊन एकदा सगळं केल्यावर सहा महिन्यांत दोन फिलिंग निघाली म्हणून पुन्हा भूल देण्याची वेळ येऊ नये. त्यामुळे अशा वेळी दाढांना स्टीलच्या कॅप आणि पुढच्या दातांना पांढऱ्या कॅप किंवा साच्यातून केलेली कंपोझिटची टोपी, असा बेत मी करते. हे काम बालरुग्णांचा अनुभव असलेल्या भूलतज्ज्ञांसह, रुग्णालयातच व्हावं.

आणि घरातली सवय त्याच आठवड्यात बदलायला हवी. रात्री झोपताना बाटली, मधात बुडवलेली चोखणी, दुपारभर हातात बिस्किटाचा पुडा, दात घासल्यावर गोड सिरप: यातलं काहीही चालू राहिलं तर कॅपच्या शेजारचा दात किडतो.

खर्च झेपत नसेल तर कुठे जावं?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. इथे बालदंतशास्त्राचा वेगळा विभाग असतो आणि खाजगीच्या मानानं खर्च फार कमी येतो. रांगेत वेळ जातो, सकाळी लवकर जा. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही तपासतं. त्यांची चिठ्ठी जपून ठेवा.

भरून आल्यावर काय सांभाळायचं?

साध्या ग्लास आयनोमरनंतर निदान तासभर काही खायला देऊ नका, आणि त्या दिवशी चिक्की, चकली, पेरूच्या बिया असलं काही नको. कंपोझिट लाइटनं लगेच कडक होतं, त्याला वाट पाहावी लागत नाही. पण इंजेक्शन दिलं असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. ओठ दोन-तीन तास बधिर असतो आणि मुलांना त्याची गंमत वाटते. ती तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून फोड येतो. बधिरपणा जाईपर्यंत मुलाजवळ बसा, फक्त पातळ खायला द्या.

फिलिंग किंवा कॅप निघाली तर दुखत नसलं तरी आठवड्याच्या आत दाखवा. कॅप निघाली असेल तर डबीत घालून बरोबर आणा, बरेचदा तीच परत बसते. गिळली गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. मात्र गिळल्यावर खोकला, घरघर किंवा श्वास लागणं असं काही दिसलं तर दंतवैद्याकडे न जाता तडक रुग्णालय गाठा.

रात्री अचानक दाढ दुखू लागली तर?

कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावा, अडकलेलं अन्न ब्रशनं काढा. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, मात्रा बालरोगतज्ज्ञांनी आधी लिहून दिलेली असेल त्याप्रमाणे. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नका आणि कोणतीही गोळी कुटून दाढेत भरू नका, हिरडी भाजते. बाहेरून शेक नको, त्यानं सूज वाढू शकते. गाल सुजला आहे, ताप आहे, सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरते आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळताना त्रास होतो आहे, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता रात्रीच मुलाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.